प्रोटिएज ओळखणारा सेन्सर: दर वेळी सोनंच का?

पेप्टाइडवाला:
प्रोटिएज (प्रथिनं कापणारं एन्झाइम) ओळखायचं तर पृष्ठभागावर पेप्टाइडचे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचे, धागे बांधायचे आणि टोकाला मेथिलीन ब्लू हा करंट देणारा रंग लावायचा. एन्झाइमने धागा कापला की रंग निसटतो, करंट पडतो. इथवर ठीक. पण नवा माणूस डोळे मिटून सोन्याचाच इलेक्ट्रोड उचलतो, हे मला पटत नाही. धागा सोन्याला गंधकाने बांधलेला असतो, आणि हा सोनं-गंधक बंध बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) छान टिकतो. सीरममध्ये (रक्तद्रवात) मात्र सिस्टीनसारखे थायोल, म्हणजे गंधकवाले रेणू, आपल्या धाग्याला हुसकावून त्याची जागा घेतात. एन्झाइम न घातलेल्या सीरममध्ये मी इलेक्ट्रोड ठेवला, तरी करंट उतरतच गेला. याला एन्झाइम सापडलं म्हणायचं? सच्छिद्र सिलिकॉन घ्या. धागे कापले गेले की परावर्तित रंग सरकतो, तारा जोडायलाच नकोत.

करंट_मास्तर:
साफ असहमत. दोष बांधणीचा आहे, सोन्याचा नाही. एका गंधकाऐवजी दोन गंधकांचा अँकर लावा, मोकळ्या जागा मर्कॅप्टोहेक्झॅनॉल या छोट्या थायोलने भरा. करंट, एसपीआर (प्रकाशाने मोजणं), क्यूसीएम (क्वार्ट्झ स्फटिकाने वजन मोजणं), सगळं सोन्यावर मोजता येतं. एसपीआरला तर जेमतेम ५० नॅनोमीटरचा थर पुरतो.

छिद्रान्वेषी:
सिलिकॉन उघडं ठेवलं तर ७.४ पीएचच्या बफरमध्ये ते स्वतःच विरघळतं, आणि विरघळतानाही रंग सरकतोच! म्हणजे सोन्यावरचा तुमचा आक्षेप त्यालाही तंतोतंत लागू. वर सायलेनचा (सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाने चिकटणाऱ्या रेणूंचा) थर दिलात तर तोही पाण्यात हळूहळू सुटतो. शिवाय ट्रिप्सिन हे प्रोटिएज सुमारे ४ नॅनोमीटरचं. छिद्र त्याच मापाचं असेल तर ते दारातच अडकणार.

पेप्टाइडवाला:
विरघळण्याचं मान्य, ते मी आधीच लिहायला हवं होतं. म्हणून सिलिकॉन-कार्बन बंध हवा, सायलेन नको. आणि छिद्रं ऐसपैस. पण करंट_मास्तर, फ्लुरोसन्सचं, म्हणजे चमकणाऱ्या रंगकणाच्या उजेडावरून मोजण्याचं, काय? रंगकण सोन्याला चिकटून असला की सोनं त्याचा उजेड गिळतं.

करंट_मास्तर:
फ्लुरोसन्स हवा असेल तर काच घ्या, त्यावर वाद नाही. मात्र धागे किती दाट लावता, हे कुणीच का विचारत नाही? गर्दी झाली की एन्झाइमच्या खाचेत धागा शिरतच नाही. मग पृष्ठभाग कुठलाही असो, सिग्नल शून्य.

छिद्रान्वेषी:
दोघांनीही तोच धागा डी-अमिनो आम्लांचा (नेहमीच्या अमिनो आम्लांच्या आरशातल्या प्रतिमांचा) बनवून शेजारी लावा. प्रोटिएजला तो कापता येत नाही. तिथेही सिग्नल बदलला, तर तो बदल पृष्ठभागाचा. आकडे आणा, मग बोलू.