मदत हवी आहे: कामावरून कमी केलं, शिल्लक रजेचा पगार दिला नाही

नमस्कार मंडळी. चाकणच्या एका कारखान्यात नऊ वर्षं प्रेसवर होतो, पर्मनंट. जून २०२५ मध्ये आम्हा अकरा जणांना एकाच दिवशी कमी केलं. शेवटच्या पगार स्लिपवर माझी पीएल (कमावलेली भरपगारी रजा) २७ दिवस शिल्लक आहे, पण हिशेबाच्या कागदावर रजेच्या रकान्यात नुसती रेघ मारलेली. विचारलं तर म्हणाले, "वापरली नाही म्हणजे बुडाली."

असं कसं बुडेल? आम्हाला काढलं तेव्हा लागू असलेल्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ७९ मध्ये वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा होती. कामावरून काढलं तर दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत तिचे पैसे द्यायचे, हेही त्यातच होतं. ही घाम गाळून कमावलेली रजा आहे.

अडचण अशी, की त्या कागदावर ‘पुढे काही मागणी नाही’ असं छापलं होतं आणि आम्ही सह्या केल्या. घरभाडं थकलं होतं हो. दोघांच्या स्लिपा पावसात भिजून आकडे पुसले गेलेत, हजेरीचं रजिस्टर कंपनीकडेच.

आधी सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा की थेट लेबर कोर्टात औद्योगिक विवाद कायद्याच्या ३३-सी(२) खाली (मालकाकडचे येणे पैसे वसूल करायचं कलम)? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले कायदे) लागू झाले, त्याचा आमच्या दाव्यावर परिणाम होईल का? कुणी असे पैसे मिळवले असतील तर कृपया सांगा. अकराही जण वाट बघतोय.