मदत हवी आहे : कोंबड्या धूळस्नानाच्या टपात उतरतच नाहीत

वाफेकरी : घरच्या कोंबड्यांच्या धूळस्नानासाठी, म्हणजे त्यांना कोरड्या धुळीत लोळून अंग साफ करता यावे म्हणून, तीन आठवड्यांपूर्वी टपात वाळू आणि राख भरून ठेवली, परंतु आजतागायत एकीनेही त्यात पाय ठेवलेला नाही. उलट रोज दुपारी त्या गुलाबाच्या वाफ्यात खड्डे करून लोळतात आणि मुळे उघडी पाडतात. त्यांना टपाची सवय कशी लावावी, एवढेच विचारायचे आहे. कृपया नेमके उत्तर द्यावे.

खुराडे : कोंबड्या किती, टप केवढा, तो ठेवला आहे कुठे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. राख कशाची आहे तेही सांगावे, कारण रंगवलेल्या लाकडाची किंवा प्लॅस्टिकची राख पक्ष्यांच्या अंगाला लागता कामा नये.

भुरभुर : वाळू काढून टाकावी आणि चाळलेली लाकडाची राख भरावी. मी गेली आठ वर्षे राखेखेरीज काहीही दिलेले नाही, आणि एकाही कोंबडीच्या अंगावर ऊ दिसलेली नाही.

शंकासुर : दिसली नाही म्हणजे नव्हती, असे होत नाही. लाल माइट नावाचे बारीक जीव तर दिवसभर कोंबड्यांच्या बसायच्या दांडीच्या फटींत दडून बसतात आणि रात्री बाहेर पडून रक्त पितात. शिवाय राख ओली झाली की तिचा क्षार पायांना आणि डोळ्यांना झोंबतो. मी मातीत डायटोमेशियस अर्थ, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या अवशेषांची पांढरी पूड, मिसळतो.

भुरभुर : राखेला नावे ठेवायची आणि स्वतः ती पांढरी पूड सुचवायची, हा अजब न्याय आहे. तिची बारीक धूळ कोंबडीच्या श्वासात जाते आणि पूड ओतणाऱ्याच्याही, याचा विचार आपण केलेला दिसत नाही.

अंडेवाली : खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवू नये, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवावे, तिचे खुडूकपण उतरते.

वाफेकरी : माझी एकही कोंबडी खुडूक नाही. कोंबड्या सहा आहेत. टप गुडघ्याएवढा उंच असून खुराड्यामागे सावलीत ठेवला आहे. राख लाकडाचीच आहे, आणि वाळू बांधकामातून उरलेली असून हाताला किंचित दमट लागते. एका कोंबडीच्या शेपटीखाली पिसांच्या बुडाशी पांढरे गोळे दिसतात, पण ती टपातली राख चिकटली असावी, म्हणून आधी लिहिले नाही.

खुराडे : जी कोंबडी टपात उतरलीच नाही, तिच्या पिसांना टपातली राख कशी चिकटेल? ती उवांची अंडी असण्याची दाट शक्यता आहे. आज रात्री सहाही कोंबड्यांच्या शेपटीखालची पिसे बॅटरीच्या उजेडात फुंकून पाहावीत आणि पशुवैद्यांकडून औषध घ्यावे. औषधाने अंडी मरत नसल्यामुळे साधारण दहा दिवसांनी ते पुन्हा द्यावे लागते. धूळस्नानाने उवांना आळा बसतो. एकदा झालेल्या उवा निव्वळ त्याने जात नाहीत.

आता टपाविषयी. कोंबडी साधारण दिवसाआड, बहुधा दुपारच्या उन्हात, सुमारे अर्धा तास हा कार्यक्रम करते. आधी चोचीने माती ओरबाडते, मग खाली बसून पंखांनी ती पिसांच्या मुळापर्यंत उडवते, कुशीवर पडून अंग घासते आणि शेवटी उठून सगळी धूळ झाडून टाकते, म्हणजे पिसांवरचे जुने, चिकट तेल धुळीबरोबर निघून जाते. दमट वाळू पिसांत शिरतही नाही आणि झडतही नाही. शिवाय उंच कडेच्या टपात आत काय आहे ते त्यांना बाहेरून दिसत नाही. त्या वाळूत सिमेंट मिसळले असेल, तर ती वापरूच नये. सवय लावण्याऐवजी त्यांनी निवडलेली मातीच वाफ्याबाहेर द्यावी. उन्हाच्या जागी, वर पत्रा घालून, वीटभर उंचीच्या चौकटीत मावेल एवढा थर पुरे. मात्र तिघी-चौघी एकाच वेळी मावतील एवढी जागा ठेवावी, कारण एक लोळू लागली की बाकीच्याही धावत येतात.

वाफेकरी : टप रिकामा केला. वाफ्यातील सहा घमेली माती वाळवून, चाळून पत्र्याखाली पसरली. आज दुपारी तिघी तिथे लोळल्या. चौथी थोडा वेळ पाहत उभी राहिली आणि गुलाबातच गेली. उवा दोघींच्या अंगावर सापडल्या असून औषध सुरू केले आहे. गुलाबाच्या बुंध्याभोवती आता दगड रचतो.

भुरभुर : त्या मातीत ओंजळभर राख तरी घालावी.