अंग आंबणे: तुमचे अनुभव सांगा

दांडियाबाजार
काल सकाळी वीस बैठका मारल्या. खुर्ची धरून, फिजिओला विचारूनच. आज जिना उतरताना मधल्या पायरीवर थांबावं लागलं. मांड्यांत ती जुनी ओळखीची ओढ! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, दुखलं म्हणून नव्हे.

गेल्या वर्षी मणक्याचं ऑपरेशन झालं, मग पाच महिने अंथरुणावर. तेव्हाही अंग दुखायचंच. पण ते पडून राहिल्याचं दुखणं. कूस बदलली की त्या कुशीत, उशी सरकवली की मानेत. त्या दुखण्यात आपण काहीच केलेलं नसतं. आजचं दुखणं मी स्वतः कमावलंय.

लहानपणी बाबा मला बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात न्यायचे. मल्लखांबाला लावायच्या एरंडेलाचा वास फ्रॉकला यायचा आणि आई वेगळी बादली भिजवायची. पहिल्याच दिवशी मी हौसेने पन्नास बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थना झाल्यावर मला खाली बसता येईना. संध्याकाळी बाबांनी पोटरी दाबून विचारलं, "सांध्यात की मांसात?" मी म्हटलं मांसात. "मग चल. आज निम्म्या."
एवढंच बोलले. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण आज जिन्यात ते शेजारी उभे होते.

तुम्ही पण लिहा. कशाने अंग आंबलं, आणि तेव्हा काय वाटलं?

हिंचका
गरबा गरबा गरबा!! पहिल्या रात्रीनंतर पोटऱ्या अशा भरतात की सकाळी पाय जमिनीला टेकवत नाही. ऑफिसात खुर्चीतून उठताना सगळा मजला एका सुरात "ओ मा". पण चौथ्या रात्रीपासून गरब्यातला दोढियो कितीही घ्या, काही होत नाही. असं का होतं कोणी सांगेल का? कुकरची शिट्टी झाली, येते परत

लालमाती
ताई, वाचून बरं वाटलं. तब्येतीला जपा.
आम्ही कुस्तीच्या हौदातले. मातीत ताक, तेल, हळद कालवलेली असायची, तो थंडावा दुखऱ्या पाठीला लागला की झोपच यायची. ते व्यायाममंदिर चालवणाऱ्या प्रो. माणिकरावांचं नाव कुस्ती-कसरतीसाठी जेवढं, तेवढंच हाडं बसवण्यासाठीही होतं, हे आजच्या मुलांना ठाऊक नसतं. आखाड्यात शरीर बनवणं आणि मोडलेलं नीट करणं एकाच छपराखाली चालायचं. तुमच्या बाबांनी "सांध्यात की मांसात" विचारलं ते तिथलंच शिक्षण.

रावपुरा७२
गिरनार. दत्तशिखर. दहा हजारांच्या आसपास पायऱ्या. रोपवे २०२० साली सुरू झाला, पण तो वाटेतल्या अंबाजीच्या मंदिरापर्यंतच. आम्ही गेलो तेव्हा तोही नव्हता. रात्री निघून पहाटे पादुकांवर डोकं टेकवलं. चढताना नुसता दम लागला. खरी परीक्षा उतरताना. शेवटच्या हजार पायऱ्या आडवं होऊन, खेकड्यासारखं उतरलो. दुसऱ्या दिवशी जुनागढच्या धर्मशाळेत भारतीय पद्धतीचा संडास. पुढचं लिहीत नाही.
पण खरं सांगतो, ते तीन दिवस पाय दुखत होते तोवर मी अजून गिरनारवरच होतो. दुखणं थांबलं तेव्हा रुखरुख वाटली.

चैत्रपालवी
@रावपुरा७२ संडासाचं अगदी अगदी! नळाला धरून उठावं लागतं

रावपुरा७२
@चैत्रपालवी आमच्याकडे नळही लांब होता

हातगुण
मी फिजिओथेरपिस्ट आहे, दोन पेशंटच्या मधे लिहितेय, चुका पोटात घाला.
आपला शब्दच "आंबणे", त्यामुळे स्नायूत आम्ल साठलं असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. जोराच्या व्यायामात लॅक्टेट (लोक ज्याला आम्ल म्हणतात ते) वाढतं, पण थांबल्यावर साधारण तासाभरात ते खाली येतं. हे दुखणं मात्र १२ ते २४ तासांनी सुरू होतं आणि २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. सवय नसलेल्या कामाने स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होते, थोडी सूज येते, तिथल्या नसा हळव्या होतात.
त्यातही स्नायू लांबत असताना भार पेलत असेल तर जास्त. गिरनार उतरताना मांडीचा पुढचा स्नायू नेमकं तेच करतो, प्रत्येक पायरीला ब्रेक लावतो. म्हणून चढण्यापेक्षा उतरणं महागात पडतं.
@हिंचका तुमचं उत्तर: एकदा दुखून गेलेला स्नायू तेच काम पुन्हा आलं की कमी दुखतो. ही तयारी काही आठवडे टिकते. म्हणून नवरात्राच्या दोन आठवडे आधी घरात रोज थोडा गरबा खेळा, पहिली रात्र सोपी जाईल.
ताई, "आज निम्म्या" हा सल्ला मी पेशंटना जवळजवळ याच शब्दांत देते. हलकी हालचाल चालू ठेवली की तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं.

मांडवीकर
तिळाचं तेल कोमट करून. बाकी काही नको.

चैत्रपालवी
मोहरीचं!! लसूण-ओवा घालून

मांडवीकर
मोहरीने माझ्या अंगावर पुरळ येतं. तिळाचंच

हातगुण
तेल कुठलंही चालेल, चोळणाऱ्या हाताने बराच फरक पडतो. फार रगडू मात्र नका.

सयाजीबागवाली
मी जरा वेगळं लिहिते. मला हे दुखणं आवडत नाही आणि आवडायला हवं असंही वाटत नाही. एका जिममधल्या शिकवणाऱ्याचं रोज एकच, "दुखलं नाही म्हणजे केलं नाही." मी तीन महिने ते खरं मानलं. दुखलं नाही त्या दिवशी अपराधी वाटायचं, दुखलं की मुलाला उचलून घेता यायचं नाही. सोडलं ते. आता रोज सकाळी कमाटीबागेत पाऊण तास चालते आणि घरी थोडे वजनाचे व्यायाम. काही दुखत नाही, तरी पूर्वी न उचलणारा गॅसचा बाटला आता एकटी सरकवते.

हातगुण
अगदी बरोबर. दुखण्यावरून व्यायाम मोजता येत नाही. हळूहळू वाढवलं तर फारसं न दुखताही ताकद वाढते.

पाणीपोई
एक गंभीर गोष्ट लिहायची आहे. माझ्या भाच्याने, वय १९, मित्रांशी पैज लावून तीनशे उठाबशा काढल्या. बरेच महिने व्यायाम नव्हता. दुसऱ्या दिवशी मांड्या टणक, सुजलेल्या. घरात सगळे म्हणाले आंबलंय, हळद-दूध घे. तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली. त्याने लाजून सांगितलं नाही, बहिणीने टॉयलेटमध्ये पाहिलं म्हणून कळलं. हॉस्पिटलात रक्त तपासलं तर सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) प्रचंड वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, स्नायू फुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरलंय, किडनीवर ताण आहे. पाच दिवस सलाइन. आता ठीक आहे.
लघवीचा रंग गडद झाला, सूज वाढत गेली, पाय उचलवेना, तर तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दुखण्याच्या गोळ्याही आपल्या मनाने देऊ नका, काही गोळ्या किडनीला त्रास देतात.

दांडियाबाजार
बापरे. बरं झालं लिहिलंत. भाच्याला माझा आशीर्वाद सांगा.

लिलोचेवडो
माझ्या सासऱ्यांचं सांगू का? चालायला जायचे, पाय दुखायचे, आम्ही म्हणायचो वय झालं, सवय नाही. पण आठवडे गेले तरी कमी होईना, न चाललेल्या दिवशीही दुखायचं. शेवटी डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी बदलली आणि थांबलं. व्यायामाचं दुखणं पाच-सात दिवसांत जातंच ना? तेवढं तेव्हा कळलं असतं तर त्यांना उगाच बोललो नसतो. अजून वाईट वाटतं. आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं.

वाटीचमचा
व्यायाम नाही पण चालेल का? दिवाळीत चार किलो भाजणीच्या चकल्या. सोऱ्या फिरवून फिरवून दुसऱ्या दिवशी कोपराखालचा हात इतका दुखला की वेणी घालता येईना. नवऱ्याने घातली. तिरकी घातली पण घातली.

चैत्रपालवी
भाजणीचं प्रमाण द्या ना

वाटीचमचा
वेगळं लिहिते, इथे गर्दी होईल

हिंचका
आले परत. @हातगुण थँक्यू, आता समजलं!
चकलीवरून आठवलं. आमच्याकडे भांडी घासायला मावशी येतात. मी नवरात्रात पोटऱ्या धरून बसले होते तेव्हा त्यांना विचारलं, तुमचे हात नाही दुखत? म्हणाल्या, पहिली सहा घरं धरली तेव्हा महिनाभर रात्री रडत होते, मग हात मेले. "हात मेले" असंच म्हणाल्या. ताई, तुमच्या बाबांचं वाचल्यापासून तेच डोक्यात आहे. त्यांना "आज निम्म्या" म्हणणारं कोणी नव्हतं. मी आजपासून मोठी पातेली स्वतः घासणार आहे.

लालमाती
छान केलंत बेटा.

रावपुरा७२
कोणी चैत्रात उत्तरवाहिनी नर्मदा परिक्रमेला येणार आहे का? तिलकवाडा-रामपुरा. वीसेक किलोमीटर आहे, एका दिवसात होते. आमचा आठ जणांचा गट आहे, आदल्या दिवशी गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीचं दर्शन.

मांडवीकर
मी आणि बायको. तिळाचं तेल आणतो

सयाजीबागवाली
उन्हाचं काय? पहाटेच निघता ना?

रावपुरा७२
तीन वाजता.

वाटीचमचा
माझी लेक सात वर्षांची आहे, तिला दोरीच्या मल्लखांबाला घालायचं मनात आहे. व्यायाममंदिरात आता मुलींच्या वेळा काय असतात कोणाला माहीत आहे? आणि लहान मुलांचं अंग फार आंबतं का?

लालमाती
दोन दिवस कुरकुर करतात. तिसऱ्या दिवशी तुमच्या आधी चपला घालून दारात उभी राहील.

दांडियाबाजार
आज विश्रांती घेतली. दुपारपासून ओढ कमी आहे, जिना न थांबता उतरले.
@वाटीचमचा वेळा मला नक्की ठाऊक नाहीत. उद्या सकाळी दहा बैठका झाल्या की रिक्षाने तिथे जाऊन विचारून येते. लेकीचा फ्रॉक मात्र जुना घाला, खांबाचं एरंडेल लागलं तर निघत नाही.