मदत हवी आहे : डिफेन्सच्या लाइनमधल्या खेळाडूचं काम नक्की काय असतं? (अर्जंट)

वैतागलेला_बाबा
मंडळी, मुलगा यंदा शाळेच्या फुटबॉल टीममध्ये डिफेन्सच्या लाइनला खेळतो. चार मॅच झाल्या, चारही मी पाहिल्या, एक तर ऑफिसातून पळून. याच्या नावावर काहीही नाही. शून्य. आणि कोच मला पार्किंगमध्ये गाठून म्हणतो, तुमचा मुलगा सगळ्यात कामाचा आहे. मला तर वाटतंय गोड बोलून गुंडाळतोय. बघायचं तरी काय असतं? गुरुवारी पुढची मॅच आहे. गुगल करा म्हणू नका, करून झालंय.

मिलानचा_मिलिंद
सोपं आहे. लाइन वर ढकलायची, चौघांनी एका रेषेत राहायचं, समोरचा ऑफसाइडमध्ये अडकतो. कोच साक्कीच्या मिलानने हेच करून 1989 आणि 1990 ला युरोपियन कप नेला. मुलाला त्यांच्या डिफेंडर बारेसीचे व्हिडिओ दाखवा, हात वर करायची वेळ बघून ठेवू दे.

वैतागलेला_बाबा
अहो, अमेरिकन फुटबॉल! डॅलसजवळ राहतो आम्ही.

थालीपीठ_आणि_लोणी
हे तुम्ही कुठे लिहिलंत?

डी_लाइन_दादा
लाइनमध्ये कुठे उभा असतो? कडेला की मध्ये? लाइनमध्ये तिघं असतात की चौघं? वजन किती? हे कळल्याशिवाय सांगणार काय, कपाळ?

वैतागलेला_बाबा
मध्ये. बॉल मागे देणाऱ्याच्या बरोब्बर समोर, वाकून. बहुतेक तिघं. नववीत आहे, 225 पौंड. वजनाचा काय संबंध?

डी_लाइन_दादा
सगळा संबंध वजनाचाच आहे साहेब. तुमचा मुलगा नोज टॅकल आहे. समोर त्यांचे पाच जण : मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. सेंटर आणि गार्डमधली फट म्हणजे ए गॅप. अशा दोन फटी तुमच्या एकट्या पोराच्या अंगावर. त्याने सेंटरला छातीत हात घालून जागच्या जागी उभा करायचा आणि बॉल कुठल्या फटीतून येतोय ते बघून तिकडे झुकायचं. तो हलत नाही म्हटल्यावर गार्ड मदतीला येतो. म्हणजे त्यांचे दोघं तुमच्या एकावर खर्ची पडले. मग मागचा लाइनबॅकर मोकळा धावत येतो, बॉलवाल्याला पाडतो आणि माइकवर नाव त्याचं पुकारतात.

असाच नोज टॅकल व्हिन्स विलफोर्क तेरा हंगाम एनएफएल, म्हणजे तिथली व्यावसायिक लीग, खेळला, दोन सुपर बोल, म्हणजे तिच्या फायनल, जिंकला. क्यूबीला, म्हणजे बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला, फेकायच्या आत पाडलं की सॅक. सॅक किती? सोळा. सगळ्या मिळून.

जर्सीकर_ईगल्सवाला
दादा, हे दोन फटी सांभाळणं जुनं झालं. एक माणूस, एक फट, स्नॅप झाला, म्हणजे सेंटरने बॉल मागे दिला, की घुसायचं. फेब्रुवारी 2025 ची फायनल आठवा, आमचे ईगल्स विरुद्ध चीफ्स. एकदाही ब्लिट्झ नाही, म्हणजे मागून जादा माणूस पाठवलाच नाही. फक्त पुढच्या चौघांनी चीफ्सचा क्यूबी माहोम्सला सहा वेळा पाडलं. मध्यंतराला 24-0, शेवट 40-22. चौघांत काम होत असेल तर मागे सात जण पासवर राखण करायला उरतात. क्यूबीने बॉल फेकायचा कुणाकडे?

डी_लाइन_दादा
त्या मॅचमध्ये ईगल्सच्या लाइनमधल्या जॅलन कार्टरच्या सॅक किती? शून्य. दोघं-दोघं त्याच्यावर होते, म्हणून शेजारच्या स्वेट आणि विल्यम्सला एकेकाशी झुंजायला मिळालं. तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध करताय.

जर्सीकर_ईगल्सवाला
बरं बाबा, तुमचंच खरं. पण एक गंमत. 2008 च्या फायनलमध्ये जायंट्सनी 18-0 वाल्या पेट्रियट्सना 17-14 ने हरवलं, त्यांचा क्यूबी ब्रॅडीला पाच वेळा पाडून. तो डिफेन्स बसवणारा स्पॅन्युओलो 2025 ला चीफ्सच्या डिफेन्सचा कोच होता. स्वतःचंच औषध बाकावर बसून बघत होता बिचारा.

सांगलीचा_पैलवान
एवढं इंग्रजी कशाला? कुस्ती आहे ही. जो खाली तो भारी. पोराला जोर-बैठका मारायला लावा, कंबर खाली राहील.

डावा_कोपरा
कुस्ती कसली, ही कबड्डी. कोपऱ्याने घोटा धरायचा, मग बाकीचे तुटून पडतात.

सांगलीचा_पैलवान
कबड्डीत चढाईवाला एकटा असतो हो. इथं त्याच्यापुढं पाच रेडे उभे आहेत.

शिकागोची_मावशी
कुणीच डोक्याचं बोलत नाहीये. प्रत्येक स्नॅपला डोकं आपटतं त्या मुलांचं. माझ्या भाच्याला कन्कशन, म्हणजे मेंदूला मार, झालं होतं, दोन महिने शाळेत दिवे सहन होत नव्हते. मी असते तर टेनिसला घातलं असतं.

वैतागलेला_बाबा
मावशी, त्याची आई रोज हेच म्हणते. तो विषय घरी चालू आहे, इथे नको.

थालीपीठ_आणि_लोणी
शाकाहारी आहे का मुलगा? 225 पौंड कशावर झाले? माझा काही केल्या अंगाला लावून घेत नाही.

डी_लाइन_दादा
बाबा, गुरुवारी एक करा. बॉलकडे बघूच नका. फक्त पोराचा नंबर बघा आणि त्याच्या अंगावर किती जण येतात ते मोजा. स्नॅपच्या वेळी तो जिथे होता तिथेच असेल किंवा पुढे गेला असेल, तर कोच खरं बोलतोय. पाच यार्ड मागे ढकलला गेला असेल, तर गुंडाळतोय.

वैतागलेला_बाबा (शुक्रवार)
मोजलं. पहिल्या हाफमध्ये 23 स्नॅप, त्यातल्या 14 ला दोघं अंगावर. दोनदा मागे ढकलला गेला, एकदा तर पाठीवरच. तिसऱ्या क्वार्टरला गार्ड आणि सेंटर दोघांचे जर्सीचे गळे याच्या मुठीत, तिघंही जागचे हलेनात, आणि शेजारून मागचा एक किडकिडीत पोरगा सरळ आत. क्यूबी आडवा. स्टँडमध्ये सगळे त्या किडकिडीत पोराचं नाव ओरडत होते. मी एकटाच आमच्या नावाने ओरडलो, तर पुढच्या बाई वळून बघायला लागल्या.

डी_लाइन_दादा
गळे धरलेले पंचाला दिसले तर होल्डिंगचा फाउल देईल. तळवे उघडे ठेवायला सांगा.

थालीपीठ_आणि_लोणी
खायला काय देता ते राहिलंच.

वैतागलेला_बाबा
पनीर. आणि कुणाचंही लक्ष नसताना फ्रिजमधलं सगळं.