मदत हवी आहे: हातोडा आधी पडतो, ठण्ण मागून येतो

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सात मिनिटांचा माहितीपट करतेय, कसबा पेठेतल्या तांबट आळीवर. एका काकांच्या दुकानात बसून त्यांचं मठारकाम (तांब्याच्या भांड्यावर हातोड्याने ठोके देणं) आणि गप्पा घेतल्या. चित्र फोनवर, आवाज मैत्रिणीच्या रेकॉर्डरवर, काकांच्या सदऱ्याला कॉलर माइक. चित्र आणि आवाज नंतर जुळवता यावेत म्हणून सुरुवातीला टाळी वाजवून घेतली होती, तेवढं शहाणपण सुचलं.

एडिटला बसले (डाविंची रिझॉल्व्ह, फुकटवालं), टाळीवर टाळी बसवली. पहिलं मिनिट झकास. पण टेक नऊ मिनिटांचा सलग आहे आणि शेवटाकडे हातोडा बंबावर आधी पडतो, ठण्ण नंतर येतं. मोजलं तर पाच फ्रेमचा फरक. नुसतं बोलणं असतं तर ओठ जरा सैल वाटले असते इतकंच, इथे तर दर ठोक्याला चोरी पकडली जाते.

वर्गातला एक जण म्हणतो, रेकॉर्डरचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) ४४.१ किलोहर्ट्झ होता आणि एडिटमधल्या टाइमलाइनचा ४८, म्हणून असं होतंय. खरंय का?

तात्पुरता उपाय म्हणून दर दोन मिनिटांनी आवाज कापून अलीकडे ओढला. त्यात दुसरी भानगड झाली. शेजारच्या दुकानातही ठोकणं चालूच होतं, त्यामुळे प्रत्येक जोडावर मागचा ठेका अडखळतो. नॉइज रिडक्शन लावून पाहिलं तर काका हौदात बुडी मारून बोलतायत असं वाटतं. कॉलेजात कॅमेऱ्यावर अख्खं सत्र झालं, आवाजावर एक तास! पुढच्या शुक्रवारी जमा करायचंय. काय करू?

प्रतिसाद १

अरेतुरे करतो, राग मानू नकोस. ४४.१ चा संशय सोड. सॉफ्टवेअर ते आपोआप जुळवतं, आणि जुळवलं नसतं तर नऊ मिनिटांत पाऊण मिनिटाचा घोळ झाला असता, काकांचा आवाजही बारीक झाला असता. फोन आणि रेकॉर्डर यांची घड्याळं तंतोतंत चालत नाहीत, पण त्यात फार तर एखादी फ्रेम जाते. पाच नाही.

गुन्हेगार बहुतेक फोन आहे. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम घ्यायच्या ते) कमीजास्त करतो. मूळ फाइल मीडियाइन्फोमध्ये (फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघड, फ्रेमरेटपुढे 'व्हेरिएबल', म्हणजे बदलता, असं दिसेल. ती हँडब्रेकमधून (व्हिडिओ फाइल बदलून देणारं सॉफ्टवेअर) काढ, 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून, तुझी टाइमलाइन असेल त्याच फ्रेमरेटला. मग पुन्हा टाळीवर टाळी बसव आणि आधी शेवटचा ठोका तपास. कापाकापी त्यानंतर. पुढच्या वेळी टाळी शेवटीही घे, घसरण तिथेच कळते.

प्रतिसाद २

जोडांबद्दल. आवाज शांततेत कापू नकोस, ठोक्यावर काप. मोठ्या ठण्णच्या किंचित आधी जोड दिलास की कान ठोक्याकडे जातो, जोड झाकला जातो. वर दोनेक फ्रेमचा क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज विरत असताना दुसरा चढत जातो. चित्र आणि आवाज एकाच जागी कापायलाच हवेत असंही नाही. काकांचं वाक्य हातावरच्या शॉटवर सुरू होऊ दे, चेहरा नंतर येऊ दे. याला जे-कट म्हणतात.

आणि ती ठकठक पुसायची कशाला? तीच तर तुझी फिल्म आहे! परत जा, कुणी बोलत नसताना आळीचा आवाज तीन-चार मिनिटं सलग घेऊन ये आणि तो सगळ्या मुलाखतीखाली अंथर. ठोक्याला मीटर लाल होणार नाही इतकी पातळी ठेव. मोठ्यात मोठा ठोका उणे सहा डेसिबलच्या खाली राहिला की झालं. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

धागाकर्ती

मीडियाइन्फोत खरंच 'व्हेरिएबल' निघालं! हँडब्रेकला लावलंय, लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडतोय. चार मिनिटं कापून झाली होती, ती पाण्यात, पण ठीक आहे.

काकांना फोन केला की नुसता आवाज घ्यायला येते. म्हणाले, "बोलायचं नाही म्हणतेस? मग ये, काम तरी होईल."