मदत हवी आहे: ही रोपटी लाइव्ह ओकचीच आहेत का?

नमस्कार मंडळी, आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो, घर भाड्याचं, पण बॅकयार्डमध्ये जुना लाइव्ह ओक (ओक झाडाची एक जात) आहे, आम्ही नवरा-बायको दोघांनी हात पसरले तरी बुंधा कवेत मावत नाही. मार्चमध्ये स्वतःच्या घरी जातोय आणि लेकीने हट्ट धरलाय की "आपलं झाड" न्यायचंच. झाडाखाली वीतभर उंचीची १५-२० रोपटी उगवलीत, म्हटलं त्यातलीच दोन नेऊ.

पण पानं जुळत नाहीत हो! मोठ्या झाडाचं पान लांबट, कडा साधी, वरून गडद चकचकीत आणि खालून पांढुरकं. या पिल्लांच्या पानांना कडेने काटे. बाबा सध्या इथे आलेत, ते म्हणतात हे भलतंच काहीतरी आहे, उपटून टाक. त्यात शेजारी वॉटर ओक, म्हणजे ओकचीच दुसरी जात, खारी इकडची फळं तिकडे पुरतात, त्यामुळे कोण कुणाचं पोर काही कळेना. गेल्या वर्षी अकॉर्न (ओकची फळं) गोळा करून डब्यात ठेवले होते, उन्हाळ्यात पेरले, एकही उगवला नाही. काय चुकलं? आणि रोपं हलवायची कधी?

प्रतिसाद (ऑस्टिनहून):
बाबांना म्हणावं जरा थांबा :) लहानपणी लाइव्ह ओकची पानं अशी काटेरी असतात, वय वाढलं की कडा साध्या होतात. वॉटर ओकचं पान टोकाकडे रुंद, चमच्यासारखं. अकॉर्नही बघा, लाइव्ह ओकचा लांबट, काळपट आणि देठावर, वॉटर ओकचा छोटा, गोल.

खरी मेख वेगळीच आहे. झाडाखाली जे उगवतं ते सगळं बियांचं नसतं, लाइव्ह ओक मुळांवरूनही फुटवे काढतो, ते उपटून लावले तर बहुतेक जगत नाहीत. एका रोपाच्या बाजूची माती हाताने सारून बघा. बियाचं असेल तर सोटमूळ सरळ खाली जाईल, वरचा भाग गाजरासारखा फुगलेला असेल. फुटवा असेल तर आडव्या मुळाला चिकटलेला दिसेल.

डब्यातले अकॉर्न वाळून मेले, पडले की लगेच पेरायचे. पाण्यात टाका, तरंगतील ते आणि भोकवाले फेका. उरलेले आडवे, इंचभर खोल, उथळ नको, उंच कुंडीत, आणि वर जाळी लावा, नाहीतर खारींची पार्टी. रोपं हलवायची तर डिसेंबर-जानेवारीत. नवीन घरापासून निदान २५ फूट लांब लावा, हे झाड उंचीपेक्षा आडवं जास्त पसरतं. आणि मोठ्या झाडाला फेब्रुवारी ते जून कात्री लावू नका, आमच्या भागात ओक विल्ट या बुरशीच्या रोगाने झाडांच्या रांगाच्या रांगा गेल्यात.

धागाकर्ती, रविवारी:
खोदलं. पहिली चार रोपटी बोटाएवढ्या जाड आडव्या मुळावर ओळीने बसलेली, म्हणजे फुटवेच, तोंड पडलं सगळ्यांचं. कुंपणाजवळचं पाचवं मात्र सरळ खाली, फुगीर मूळ, आणि बाजूला काळं पडलेलं अर्धं टरफल अजून चिकटलेलं! बाबाच ओरडले आधी, "अगं, हळू, मूळ तुटेल." आता कुंडी शोधायला तेच निघालेत, घरातल्या सगळ्या त्यांना उथळ वाटतायत. पाच गॅलनची बादली खाली भोकं पाडून चालेल ना?