घशातल्या धातूच्या नळीसकट एमआरआय करता येतो का?

पडेलचा बागायतदार:
नमस्कार मंडळी. बाबांना स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवली आहे, धातूची. आतली नळी आई रोज काढून उकळते. नाकातून राईल्स ट्यूब आहे, पेज त्यातूनच. आता मानेचा एमआरआय सांगितलाय, कोल्हापूरला. सेंटरवर फोन केला तर "अंगावर धातू नको" एवढं म्हणून ठेवून दिला. मेहुणा म्हणतो ही नळी चांदीची असते, चुंबक लावून बघ. फ्रिजवरचं लावलं, चिकटलं नाही. मग अशीच ठेवून नेलं तर चालेल? गगनबावड्याचा घाट चढून परत पाठवलं तर म्हाताऱ्याचे हाल.

मालवणी माणूस:
आमच्या अण्णांक प्लास्टिकची नळी घालून नेल्लंव. काय्येक त्रास झालो नाय.

निवृत्त टेक्निशियन, चिपळूण:
फ्रिजच्या चुंबकावर अजिबात जाऊ नका. स्कॅनरचं चुंबक दीड किंवा तीन टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप), फ्रिजच्या चुंबकाच्या शेकडो पट. आणि ते सतत चालूच असतं. आपल्याकडे लाईट जाते तशी गेली तरी त्याची ओढ जात नाही.

चांदी ओढली जात नाही, मेहुणे बरोबर आहेत. पण या नळ्या जर्मन सिल्व्हरच्याही येतात, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. तुमची कशाची हे घरी कळणार नाही. खेचली गेली नाही तरी रेडिओलहरींनी धातू तापू शकतो. शिवाय स्कॅन मानेचाच! जिथे गाठ बघायची तिथेच काळा डाग उमटणार, मग पैसे कशाचे मोजायचे?

म्हणून कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडून निघायच्या आधीच पीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकची, नळी बसवून घ्या. घरी नाही, आणि सेंटरच्या दारात तर नाहीच. भोक नवं असेल तर नळी काढल्यावर मिटायला वेळ लागत नाही.

प्लास्टिक म्हटलं की झालं, असंही नाही. काही नळ्यांना श्वासनळीतली फट बंद करायला फुगा असतो. अशा नळीला बाहेर लोंबणारी छोटी पिशवी असते, तिच्या झडपेत बारीक स्प्रिंग असते. ती चिकटपट्टीने मानेपासून लांब बसवतात, नाहीतर चित्र बिघडतं. बाबांना फुग्याची गरज नसेल तर बिनफुग्याचीच मागा. काही लवचीक नळ्यांच्या भिंतीत तारेचं वेटोळं असतं, ती नको. पाकिटावर हिरवा चौकोन म्हणजे एमआर सेफ, एमआरआयला बिनधास्त चालते. पिवळा त्रिकोण म्हणजे अटी घालून, किती टेस्लापर्यंत ते आत लिहिलेलं असतं. लाल गोल म्हणजे दारातूनच परत. पाकीट फेकू नका, सोबत न्या.

सिस्टर, कुडाळ:
राईल्स ट्यूबचं कोणी बोललं नाही. तिच्या टोकाला धातूचे बारीक गोळे बंद केलेले असतात. साधी फीडिंग ट्यूब मिळते, तिला गोळे नसतात. ट्यूब आत सरकवायला वापरतात तो तारेचा गाईड असेल तर तो काढलेला आहे ना, विचारा. नळी बदलाल त्याच दिवशी हीही बदलून घ्या, म्हणजे एकच त्रास.

आत जायच्या आधी सक्शन करून घ्या, म्हणजे नळीतला कफ ओढून काढा, अर्धा-पाऊण तास उताणं निजायचंय. बाबांना हाक मारता येणार नाही. हातात रबरी बल्ब देतात, तो दाबून दाखवायला सांगा, आधीच.

पडेलचा बागायतदार:
आमचं सक्शन मशीन आणि छोटा ऑक्सिजन सिलिंडर आत न्यायचा का? आई सोडायला तयार नाही.

निवृत्त टेक्निशियन, चिपळूण:
दोन्ही बाहेर! जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत सिलिंडर घेऊन आत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला होता. आईंना हे सांगा, ऐकतील. ऑक्सिजन लागणारच असेल तर आजच फोन करून सेंटरला कळवा, पाईपचा किंवा बिनलोखंडी सिलिंडर ते ठेवतात का विचारा. "गळ्यात नळी आहे" हे मात्र पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे फोन ठेवणार नाहीत.